शाळांतील निरुपयोगी सामान : त्याची वांटणी आणि त्याची नोंद

१

हस्तलिखितें व दप्तरें यांच्या शोधास निघालेल्या मनुष्यानें शाळेच्या आवारांत रचून ठेवलेल्या जुन्या बाकांची चौकशी कां करावी, असा प्रश्न या त्रैमासिकाच्या वाचकांस पडणें साहजिक आहे. त्यांच्या समाधानासाठीं प्रथम घडलेली हकीकत सांगतों व मग मूळ विषयाकडे वळतों.

एका तालुक्याच्या गांवीं शंभरांहून अधिक वर्षांची एक शाळा आहे. तिच्या एका कपाटांत कोणा गृहस्थांनीं पूर्वीं दिलेल्या पोथ्या आहेत, असें तेथील एका वृद्ध शिक्षकांकडून कळल्यावरून आम्ही गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत तेथें गेलों. शाळेंत वर्गांची सुधारणा चालली होती. भिंतींस नवा रंग लागला होता, काळ्या फळ्याच्या जागीं पांढरा पडदा व प्रकाशयंत्र आलें होतें, आणि लोखंडी पायांचीं नवीं बाकें ओळीनें मांडलीं होतीं. जुनीं सागवानी बाकें, टेबलें व कपाटें तेथें नव्हतीं. आसपासच्या वाड्यांवरील शाळांना तीं देऊन टाकलीं, असें मुख्याध्यापकांनीं मोठ्या समाधानानें सांगितलें. त्यांचें समाधान रास्त होतें. त्या वाड्यांवरील मुलें आजवर फरशीवर बसत होतीं.

परंतु पोथ्यांचें कपाट कोणत्या वाडीस गेलें, हें कोणासच सांगतां येईना. आम्हीं जडवस्तुसंग्रहाची नोंदवही मागितली. शाळांतून तिला डेडस्टॉक रजिस्टर या इंग्रजी नांवानेंच ओळखतात. आमच्यापुढें जी वही आली ती चार वर्षांपूर्वीं सुरू केलेली होती. तींत जुन्या सामानाबद्दल “कपाटें लांकडी, जुनीं, नग ५” एवढाच उल्लेख होता, व त्यापुढें निर्लेखनाचा शेरा होता. त्यापूर्वींच्या वह्या काय झाल्या, असें विचारतां त्या रद्दीबरोबर गेल्या असें उत्तर मिळालें. सामान गरजूंच्या हातीं गेलें, हें उत्तम झालें. परंतु सामानाबरोबर त्याची ओळख जाण्याऐवजीं ती रद्दीवाल्याच्या तराजूंत गेली. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

निर्लेखन या शब्दाचा मूळ अर्थ येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. सरकारी व्यवहारांत एखादी वस्तु हिशेबांतून कमी करणें, एवढाच त्याचा अर्थ आज राहिला आहे. संस्कृतांत त्याचा अर्थ खरवडून काढणें असा आहे, व आयुर्वेदांत जीभ खरवडण्याच्या नित्यकर्मास जिह्वानिर्लेखन म्हणतात. वस्तु हिशेबांतून कमी करावी, याविषयीं आमची तक्रार नाहीं. तिचा इतिहासही तिच्याबरोबर खरवडून निघावा, यास मात्र आमची हरकत आहे.

२

शाळेच्या सामानाला इतिहास आहे काय, अशी शंका कोणी घेतील. त्यांच्यासाठीं बाकांच्या आधींच्या सामानापासून आरंभ करूं.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतांना इ. स. १८२४ त देशी शाळांची चौकशी करण्याचा हुकूम जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांस सुटला. या चौकशीवरून मुंबई इलाख्यांत सतराशेंहून अधिक शाळा व त्यांत सुमारें पसतीस हजार विद्यार्थी असल्याचें पुढें इ. स. १८२९ च्या सुमारास नमूद झालें. या शाळांस स्वतःच्या इमारती बहुधा नव्हत्या. पंतोजी देवळांत, धर्मशाळेंत, कोणा सधन गृहस्थाच्या ओसरीवर किंवा स्वतःच्याच घरीं मुलें जमवून शिकवीत. तेव्हां सामानाची यादी करावयाचीच झाली तर ती दोन ओळींत संपते. पंतोजींची बैठक, मुलांची धूळपाटी, आणि मोठ्या मुलांची दौत, बोरू व कागद.

यांतील धूळपाटी हेंच आपल्या शाळेचें मूळ सामान होय. लांकडी फळीवर बारीक माती किंवा विटकरीची पूड पसरावी, तिच्यावर बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावें, चुकलें तर फळी हालवून पुन्हां सारखी करावी. खर्च नाहीं, व खोडण्याची खूणही मागें राहत नाहीं. ही पाटी आज वर्गांतून नाहींशी झाली. धुळाक्षरें हा शब्द मात्र भाषेंत राहिला आहे, आणि कोणत्याही विषयाचीं धुळाक्षरें गिरविणारा मनुष्य आज संगणकावर बसलेला असला तरी तो नकळत त्या धुळीचेंच नांव घेत असतो. मोल्सवर्थ यांच्या कोशांत धूळपाटी व धुळाक्षर हे शब्द आले आहेत, त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ते सर्वपरिचित होते हें उघड आहे. प्रत्यक्ष वस्तु मात्र किती संग्रहांत आहे? ज्या वस्तूवर अनेक पिढ्या लिहावयास शिकल्या, तिचे अस्सल नमुने आम्हांस पोथ्यांच्या मानानें फारच क्वचित् दिसले आहेत. याचें कारण स्पष्ट आहे. दगडी पाटी आली तेव्हां धूळपाटी कोणी राखली नाहीं. फळी घरांतच दुसऱ्या कामास लागली, पिढीभरानें ती चुलींत गेली, आणि तिची नोंद कोठें नव्हतीच.

३

या धुळीचा एक प्रवास वाचकांस सांगणें अवश्य आहे. वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना तिचें कुळ कसें विसरलें जातें, याचा तो उत्तम दाखला होय.

अँड्र्यू बेल हा पाद्री इ. स. १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलग्यांच्या आश्रमाचा अधीक्षक होता. एके दिवशीं घोड्यावरून जात असतां त्यानें एक देशी शाळा पाहिली. मुलें जमिनीवर बसून पुढें पसरलेल्या वाळूंत बोटांनीं अक्षरें काढीत होतीं. तो त्या शाळेस मलबारी म्हणतो. परंतु त्या काळचे इंग्रज तामिळ लोकांसही मलबारी म्हणत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. बेलनें परत येऊन आश्रमांतील खालच्या वर्गास वाळूवर लिहिणें सुरू केलें. तेथील शिक्षक राजी नसल्यामुळें हें काम त्यानें एका वरच्या मुलाकडे सोंपविलें, आणि मुलानेंच मुलांस शिकवावें या पद्धतीचा तेथून विस्तार झाला. इ. स. १७९६ त तो मायदेशीं परतला व पुढील वर्षीं त्यानें या प्रयोगाची हकीकत लंडनमध्यें छापली.

त्याच सुमारास लंडनच्या सदर्क भागांत जोसेफ लँकॅस्टर हा तरुण गरिबांच्या मुलांसाठीं शाळा चालवीत होता. त्याच्या शाळेंत खालच्या वर्गासाठीं वाळूचें मेज होतें. मेजाच्या कडेला पट्टी लावून आंत काळ्या तळावर वाळू पसरीत, मुलांचीं बोटें तींत अक्षरें काढीत, आणि सपाट ठोकळ्यानें ती वाळू पुन्हां सारखी करीत. ही कल्पना आपण बेलपासून घेतली, असें त्यानें आरंभीच्या काळांत कबूलही केलें होतें. पुढें दोघांच्या अनुयायांत कोणाची पद्धत मूळची यावरून मोठा वाद माजला. तामिळ देशांतील ज्या शाळेपासून ती वाळू निघाली तिचा पंतोजी कोण, हें त्या वादांत कोणी विचारलें नाहीं.

या दोघांच्या वर्गांतील मांडणीही भिन्न होती. लँकॅस्टरच्या शाळेंत मेजें व बाकें दालनाच्या मध्यभागीं ओळीनें जमिनीस पक्कीं बसविलेलीं असत, व वाचनाच्या वेळीं मुलें भिंतींवर टांगलेल्या तक्त्यांपुढें अर्धवर्तुळांत उभीं राहत. बेलच्या पद्धतींत मेजें भिंतींच्या कडेनें असत व मधली जागा मोकळी राही. म्हणजे त्या काळच्या शाळेंतील मेजांच्या जागा जरी नुसत्या कळल्या तरी ती शाळा कोणत्या पंथाची हें सांगतां येतें. सामान हें साधन आहे, याचा याहून सरळ पुरावा कोणता पाहिजे?

पुढें इ. स. १८२२ त मुंबईंत देशी लोकांच्या शाळांसाठीं व पुस्तकांसाठीं स्वतंत्र मंडळी झाली, तिनें लँकॅस्टरची पद्धत स्वीकारली. या मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व देशी चिटणीस सदाशिव काशिनाथ छत्रे हे होते. तिच्या शाळांत तयार झालेले शिक्षक इ. स. १८२६ च्या सुमारास दक्षिण, कोंकण व गुजराथ या प्रांतांत पाठविण्यांत आले. येणेंप्रमाणें मद्रासच्या वाळूंतून निघालेली पद्धत लंडनला जाऊन, छापील तक्ते बरोबर घेऊन, ज्या देशांत धूळपाटी घरोघर होती त्या देशांत विलायती म्हणून परत आली. वाळूच्या कुळाची नोंद तिच्याबरोबर आली असती, तर पंतोजींच्या पद्धतीस जुनाट व टाकाऊ ठरविण्यापूर्वीं कोणीतरी क्षणभर थांबलें असतें. एका कपाटाच्या जाण्यानें जें लहान प्रमाणांत घडतें, तेंच येथें मोठ्या प्रमाणांत घडलें.

४

आतां बाकाकडे येऊं. बाक हा शब्द मराठींत पोर्तुगीज भाषेंतून आला, व अलमारी हाही त्याच वाटेनें आला. खुर्ची अरबीकडून, टेबल इंग्रजीकडून. कपाट हा शब्द संस्कृत असला तरी तेथें त्याचा अर्थ दार असा आहे. फळा तेवढा फलक या घरच्या शब्दापासून निघाला. वर्गांत उभें राहून नुसतीं नांवें मोजलीं, तरी या देशीं कोण कोण आलें व काय ठेवून गेलें याची मोड त्यांत दिसते.

जुनें बाक वाचण्याची रीत पोथी वाचण्याच्या रीतीहून फारशी वेगळी नाहीं. पोथी हातीं आली म्हणजे आपण कागद, शाई, वळण, समास व शेवटची पुष्पिका पाहतों. बाकाचेंही तसेंच पाहावें. लांकूड कोणतें, सांधे कुसूं बसवून केलेले कीं खिळे व स्क्रू मारून, हें प्रथम पाहावें. मेजाच्या वरच्या कडेला दौतीसाठीं वाटोळें भोंक असल्यास तें सामान टाकानें लिहिण्याच्या काळाचें. पुढें फाउंटन पेन व बॉलपेन आलें, तरी सुतार कांहीं वर्षें संवयीनें भोंक पाडीतच राहिले; म्हणून केवळ भोंकावरून काळ ठरवूं नये, त्याच्या कांठाला शाईचा डाग मुरला आहे कीं नाहीं तें पाहावें. बसण्याच्या फळीची जमिनीपासून उंची मोजली म्हणजे तें कोणत्या इयत्तेसाठीं केलें तें कळतें. पाय मागाहून कापलेले असले, तर वरच्या इयत्तेचें बाक खालच्या इयत्तेस दिलें गेलें असें समजावें. रंगाचे थर एकाखालीं एक असतात. त्यांखालीं बहुधा पांढऱ्या रंगानें घातलेला क्रमांक असतो, कधीं शाळेच्या नांवाचीं आद्याक्षरें असतात. तीच बाकाची पुष्पिका होय. शेवटीं मुलांनीं कर्कटकानें कोरलेलीं नांवें व सालें. हीं कोरणें शाळेच्या शिस्तीविरुद्ध असलीं तरी संशोधकाच्या दृष्टीनें तीं समासांतील टीपांसारखीं आहेत. त्यांतील सर्वांत जुनें साल हें बाकाच्या वयाची अलीकडची मर्यादा ठरवितें.

आम्हीं एका वाडीवरील शाळेंत एक बाक असें पाहिलें कीं त्यावर तीन क्रमांक होते. पहिला हायस्कुलाचा, दुसरा गांवच्या प्राथमिक शाळेचा, व तिसरा त्या वाडीचा. पाय दोन वेळां कापलेले होते. प्रत्येक शाळेनें सुधारणा केली तेव्हां आपलें जुनें सामान आपल्याहून गरीब शाळेस दिलें, आणि बाक प्रत्येक वेळीं थोडें बुटकें होत खालीं उतरत गेलें. या बाकाचा इतिहास आम्हांस सांगतां आला, तो केवळ जुना क्रमांक खरवडून न काढतां त्याशेजारीं नवा घालण्याची सुबुद्धि दोघां शिक्षकांस झाली म्हणून. त्यांनीं हें इतिहासासाठीं केलें नसेल. कदाचित् रंग पुरला नसेल. तरी आम्ही त्यांचे ऋणी आहों.

५

येथवर नोंदींचें महत्त्व सांगितलें. परंतु नोंदवहीची मर्यादाही सांगितली पाहिजे. जडवस्तुसंग्रहाच्या वहींत शाळेच्या मालकीचें सामान येतें. जें शाळेच्या मालकीचें नाहीं, तें तींत येत नाहीं. शाळांच्या इतिहासांतील सर्वांत बोलकी वस्तु नेमकी याच कारणानें तींत सांपडणार नाहीं.

डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याच्या बाळपणाचें वर्णन केलें आहे. वर्गांत मुलें हुशारीच्या क्रमानें बसत. परंतु त्यांस त्या क्रमानें इतर मुलांत बसण्याची मोकळीक नव्हती. त्यांनीं कोपऱ्यांत वेगळें बसावयाचें, तेंही स्वतंत्र गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून तो तुकडा त्यांनीं संध्याकाळीं घरीं न्यावयाचा व दुसऱ्या दिवशीं परत आणावयाचा. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. साताऱ्याच्या त्या शाळेची त्या सालची सामानाची यादी जरी उद्यां जशीच्या तशी सांपडली, तरी तींत हें गोणपाट असणार नाहीं. बाकें इतकीं, टेबलें इतकीं, नकाशे इतके, असेंच तींत असेल, आणि ती यादी तंतोतंत खरी असून मुख्य गोष्टीविषयीं मुकी असेल.

मात्र त्याच शाळेची दुसरी एक वही बोलते. साताऱ्याचें तें हायस्कूल त्या काळीं राजवाड्यांत भरत असे व पुढें प्रतापसिंह हायस्कूल या नांवानें प्रसिद्ध झालें. तेथील जनरल रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा इंग्रजी पहिलींत प्रवेश झाल्याची नोंद १९१४ या क्रमांकास आहे. ही वही जपली गेली म्हणून ती तारीख आज ठाऊक आहे, व महाराष्ट्र शासनानें इ. स. २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचें ठरविलें. ज्या कारकुनानें ती ओळ लिहिली त्याच्या दृष्टीनें ती १९१३ व १९१५ या क्रमांकांच्या मधली एक ओळ होती. कोणत्या ओळीस पुढें मोल येईल, हें लिहिणाऱ्यास किंवा रद्दी विकणाऱ्यास कधींच कळत नसतें.

बैठकीचा हा प्रश्न सातारच्या आधींही चाळीस वर्षें कागदोपत्रीं आलेला होता. इ. स. १८५६ त धारवाड येथील सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश नाकारला गेला व त्यानें मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारनें त्या वेळीं हात घालण्याचें टाळलें. पुढें विलायतेंतील कंपनीच्या डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं सारख्याच खुल्या आहेत असें कळविलें. तरीही प्रत्यक्ष वर्गांत कोण कोठें बसतो, हें हुकुमानें लौकर बदललें नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं इ. स. १९१९ त अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकाच शाळेंत घेण्याचा हुकूम काढला, तेव्हां त्या हुकुमाचा खरा विषय बैठक हाच होता.

या दृष्टीनें पाहतां बाकाची किंमत लांकडाच्या किंमतीहून निराळी ठरते. गोणपाट ज्याचें त्याचें वेगळें असूं शकतें, सतरंजीचें टोंक गुंडाळून ठेवतां येतें. परंतु दोघांचें बाक हें दोघांचें असतें. त्यावर बसावयाचें तर शेजारीं कोणीतरी बसणारच. बाकामुळें भेद गेला असें आम्ही म्हणत नाहीं, कारण शेवटच्या बाकावर कोणास बसवावें हें शिक्षकाच्याच हातीं राहिलें. तथापि वर्गांतील सामानांत भेदास अडचण करणारी अशी ही एक वस्तु आली, व ती कोणत्या गांवीं कोणत्या सालीं आली हें जाणणें सामाजिक इतिहासासाठीं अवश्य आहे. तें साल सांगणारी वही म्हणजे जडवस्तुसंग्रहाचीच वही. तिचा कैवार आम्ही घेतों तो यासाठीं.

६

आज राज्यांतील अनेक शाळांत जुनें सामान एकदम बाहेर पडत आहे. कांहीं ठिकाणीं प्रकाशयंत्रें व संगणक आल्यामुळें, कांहीं ठिकाणीं नवीं बाकें मिळाल्यामुळें, तर कांहीं ठिकाणीं शिकविण्याची रीतच पालटल्यामुळें. साताऱ्याजवळील कुमठे बीटांतील प्राथमिक शाळांनीं ज्ञानरचनावादाच्या नांवानें जो प्रयोग केला, त्याचा इ. स. २०१५ च्या आगेमागें राज्यभर प्रसार झाला. त्यांत वर्गाच्या फरशीवर रंगानें अक्षरें, अंक व चौकटी काढून मुलें त्यांभोंवतीं बसून शिकतात. लिहिणें व शिकणें पुन्हां जमिनीवर आलें हें पाहून जुन्या धूळपाटीची आठवण कोणास होणार नाहीं? शाळेचें सामान एकाच दिशेनें सुधारत जातें, ही समजूत चुकीची आहे. जें एका पिढींत टाकाऊ ठरतें तें दुसऱ्या पिढींत नव्या नांवानें परत येतें. तेव्हां टाकतांना जपून टाकावें.

या प्रसंगीं आपणां संग्राहकांच्या मनांत जो मोह उत्पन्न होतो, त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आमचें कर्तव्य आहे. सागवानी जुन्या सामानास आज मोठी किंमत येते. मुंबईच्या चोरबाजारांत त्याला गिऱ्हाईक आहे. एखादें जुनें बाक वाडीवरील शाळेंत झिजण्याऐवजीं आपल्या संग्रहांत सुरक्षित राहील, असा युक्तिवाद आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, व एकेकाळीं स्वतःही केला आहे. तो आम्हांस आतां मान्य नाहीं. बाक हें बसण्यासाठीं केलेलें आहे, आणि जोंवर एखाद्या शाळेंत मूल जमिनीवर बसून गुडघ्यावर वही ठेवून लिहीत आहे तोंवर बाकावर पहिला हक्क त्याचा आहे. इतिहासाला बाकाची माहिती पाहिजे. बाकच पाहिजे असें नाहीं. पोथीची नक्कल करून पोथी धन्याकडे परत करण्याची जी शिस्त आपल्या थोर संशोधकांनीं घालून दिली, तीच येथेंही पाळावी.

यास्तव ज्या शाळांत सुधारणा चालली असेल तेथें पुढील गोष्टी व्हाव्या, असें आम्ही सुचवितों.

पहिली गोष्ट, कपाटें, मेजांचे खण व पेट्या बाहेर देण्यापूर्वीं दोघांच्या समक्ष उघडून पाहाव्या. खणाच्या मागें पडलेले कागद व दाराच्या आंतल्या अंगास चिकटविलेल्या याद्या बहुधा नजरेंतून सुटतात. चिकटविलेला कागद उपटूं नये; त्याची नक्कल किंवा छायाचित्र घ्यावें.

दुसरी गोष्ट, सामानावरील जुना क्रमांक रंगानें झांकूं नये. घेणाऱ्या शाळेनें आपला क्रमांक त्याशेजारीं घालावा, व आपल्या वहींत देणाऱ्या शाळेचें नांव व तिचा क्रमांक लिहावा. यास एका ओळीहून अधिक श्रम पडत नाहींत.

तिसरी गोष्ट, वस्तूचें निर्लेखन झालें म्हणून वहीचें निर्लेखन करूं नये. जनरल रजिस्टर कायम जतन करण्याचा दंडक आहे. भरलेल्या सामानवह्यांसही शाळांनीं आपण होऊन तोच मान द्यावा. शाळेस जागा नसेल तर जवळच्या ग्रंथालयास अथवा संशोधन मंडळास त्या रीतसर पावती घेऊन द्याव्या.

चौथी गोष्ट, प्रत्येक जुन्या प्रकारचा एक नमुना, एकच, शाळेनें स्वतःजवळ ठेवावा. शक्यतों मोडका नमुना ठेवावा. चांगला मुलांस द्यावा. मोडक्या बाकावरही सांधे, क्रमांक व कोरलेलीं नांवें सर्व कांहीं वाचतां येतें.

पांचवी गोष्ट दानाविषयीं आहे, व ती इतिहासाबाहेरची असली तरी लिहितों. देण्यापूर्वीं घेणाऱ्यास विचारावें. सातवीच्या मापाचें बाक पहिलीच्या मुलास दिलें तर त्याचे पाय टेकत नाहींत. डुगडुगणारें मेज, उसवलेली फळी, वर आलेला खिळा हें दान नव्हे. आपल्या आवारांतील अडगळ दुसऱ्याच्या आवारांत टाकणें आहे. सुताराची दोन दिवसांची मजुरी देणाऱ्यानेंच सोसावी.

मुख्याध्यापकांना आधींच कागदांचें ओझें फार आहे, त्यांत ही भर कशाला, असा आक्षेप येईल. तो खोटा नाहीं. म्हणूनच हें काम त्यांच्यावर न टाकतां आपल्यासारख्यांनीं पुढें व्हावें. गांवोगांवच्या सभासदांनीं जवळच्या एका शाळेशीं बोलणें ठेवून, सामान बाहेर निघण्याच्या आधीं एक दिवस तेथें जाऊन यादी करून दिली, तर शाळेचें कामही हलकें होईल व आपलेंही साधेल.

७

आरंभीं सांगितलेल्या कपाटाची हकीकत पुरी करूं. तीन वाड्यांवर हिंडल्यावर चौथ्या ठिकाणीं तें आम्हांस सांपडलें. दोन खोल्यांची शाळा, दोन शिक्षक. कपाटांत मुलांचीं गोष्टींचीं पुस्तकें, रंगाच्या पेट्या व खेळाचें सामान लावलेलें होतें. पोथ्या नव्हत्या, कपाट येण्यापूर्वींच रिकामें केलेलें होतें, व रिकामें करणाऱ्यानें आंतील कागदांचें काय केलें हें कोणास ठाऊक नव्हतें. परंतु दार पूर्ण उघडतां आंतल्या अंगास एक पिवळा पडलेला कागद चिकटविलेला दिसला. जुन्या वळणदार अक्षरांत कपाटांतील जिनसांची ती यादी होती. नकाशे, पृथ्वीचा गोल, मापें, आणि सर्वांत खालीं, “पोथ्या, बासन १.”

म्हणजे पोथ्या होत्या, हें खरें. एक बासन होतें. त्यांत काय होतें, तें आतां कळण्याचा मार्ग नाहीं.

आम्हीं यादीची नक्कल केली. तेथील शिक्षक बराच वेळ उभे राहून पाहत होते. मग ते कांहींशा संकोचानें म्हणाले, “साहेब, कपाट परत न्यावयाचें आहे काय? तसें असेल तर मुलांचीं पुस्तकें काढून ठेवतों.” आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें, आणि त्यांच्या नोंदवहींत त्या कपाटापुढें तें कोणत्या शाळेकडून आलें, दारावरील यादी केव्हां वाचली व तींत काय होतें, एवढें त्यांच्याच हातून लिहवून घेतलें. तो कागद काढूं नये, अशी विनंति केली. त्यांनीं ती मान्य केली.